एकॉर्न, म्हणजे ओकची फळं: तुरटपणा काढण्यापासून थालीपिठापर्यंत

ओलीमाती | २ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात फॉल्समला राहतो. मागच्या अंगणात व्हॅली ओकचं जुनं झाड आहे, दोघांच्या कवेत न मावणारं. ऑक्टोबर लागला की रात्रभर शेडच्या पत्र्यावर टपटप सुरू होते. पहिली काही वर्षं मी ती फळं झाडून कचऱ्यात टाकत होते. आता तिसरं वर्ष आहे, ती कचऱ्यात न जाता आमच्या ताटात येताहेत. मागे एका पाककृतीखाली मी ओझरता उल्लेख केला होता, तेव्हा बऱ्याच जणींनी सविस्तर लिही म्हटलं, म्हणून हा धागा.

सुरुवात झाली ती एका सहलीमुळे. इथून तासाभरावर पाइन ग्रोव्ह गावाजवळ इंडियन ग्राइंडिंग रॉक नावाचं स्टेट पार्क आहे. तिथले मूळ रहिवासी मिवोक लोक त्या जागेला चॉसे म्हणतात. जमिनीलगत पसरलेला पांढुरका कातळ आणि त्यात १,१८५ उखळं. कोणी मुद्दाम कोरलेली नाहीत. बायकांनी एका जागी बसून पिढ्यान्‌पिढ्या एकॉर्न कांडले, त्याचे पडलेले खळगे आहेत ते. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, एका खळग्यात पाणी साचून त्यात ओकचं पान तरंगत होतं. खळग्याचा काठ हाताने फिरवून फिरवून गुळगुळीत झालेला. आजोळी आमच्या पडवीत जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं, त्याचा काठ अस्साच होता. त्या दिवशी घरी आले आणि अंगणातली फळं पहिल्यांदा हातात घेऊन नीट पाहिली.

आधी महत्त्वाचं. एकॉर्न कच्चं खायचं नाही. त्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं. काजूचा बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो आणि तोंड आवळून येतं, त्याच्या कितीतरी पट. पोटात जास्त गेलं तर चांगलाच त्रास होतो. गुरं आणि घोडे भरमसाट एकॉर्न खाऊन आजारी पडतात. पण टॅनिन पाण्यात उतरतं. त्यामुळे सगळं काम पाण्याचं आणि धीराचं आहे.

गोळा करणं. सप्टेंबरात जी पहिली पडतात ती बहुतेक किडकी असतात, त्यांच्या नादी लागू नका. ऑक्टोबरच्या मध्यानंतरची घ्या. चांगलं फळ टोपीतून सुटून पडतं. टोपी घट्ट चिकटलेली असेल तर बहुधा आत काहीतरी बिघडलंय. सालीवर बारीकसं गोल भोक दिसलं तर अळी आत जेवून बाहेर पडलेली आहे. ही अळी एका लांब सोंडेच्या भुंग्याची, आपल्या तांदळातल्या सोंड्याचा भाऊबंदच. मग सगळी फळं बादलीभर पाण्यात टाका. तरंगतील ती फेका, बुडतील ती ठेवा.

वाळवणं. मी जुन्या चादरीवर पसरून दोन-तीन आठवडे अंगणात उन्हाला ठेवते, संध्याकाळी आत. हलवल्यावर आत गर खुळखुळला की समजायचं वाळलं. भट्टीत भराभर भाजू नका. पिठाला पुढे जो चिकटपणा हवा असतो तो भाजल्यावर जातो. घाई असेल तर डिहायड्रेटर ५० अंशांवर.

फोडणं. इथे लोक हातोडी घेतात. मी आजेसासूबाईंचा पितळी अडकित्ता वापरते आणि त्याच्यासारखं दुसरं हत्यार नाही. फळ साधारण सुपारीएवढं जाड, फक्त लांबट. आडवं धरून एक दाब दिला की टरफल कट्‌ करून फुटतं आणि गर अख्खा निघतो. गराला बारीक तपकिरी साल असते. जाड फडक्यात घेऊन चोळायचं आणि सुपात घालून पाखडायचं. सूप मी पुण्याच्या बुरूड आळीतून आणलंय. काळा पडलेला, भुसभुशीत किंवा बुरशी आलेला गर निर्दयपणे काढून टाका.

तुरटपणा काढणं. हे मला जमलं ते कुरडयांमुळे. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचं, चीक खाली बसू द्यायचा, वरची निवळी अलगद ओतायची. आईच्या हाताखाली दर उन्हाळ्यात केलेलं काम. एकॉर्नचंही तेच, फक्त जास्त दिवस. गर पाणी घालून मिक्सरमध्ये गंधासारखा बारीक वाटायचा. काचेच्या मोठ्या बरणीत एक भाग लगदा, तीन भाग गार पाणी, हलवून फ्रिजमध्ये. बाहेर ठेवलात तर आंबेल. बारा तासांनी खाली साय-रंगाचा थर बसतो आणि वर काळ्या चहासारखं पाणी. ते ओतायचं, नवीन घालायचं, ढवळायचं. सकाळी एकदा, रात्री एकदा. चौथ्या दिवशी पाणी पातळ चहासारखं होतं. सहाव्या-सातव्या दिवशी जवळजवळ नितळ.

पण पाण्याच्या रंगावर विसंबू नका, जिभेवर विसंबा. चिमूटभर लगदा घ्या आणि अर्धा मिनिट तोंडात घोळवा. तुरटपणा उशिरा कळतो. जीभ टाळूला जराही खरखरीत लागली तर अजून एक दिवस.

मग सुती पंच्यात बांधून टांगायचं आणि पिळायचं. असाच ओला गोळा वापरा, किंवा पातळ पसरून वाळवून पीठ करा. पीठ फ्रीजरमध्ये ठेवा, स्निग्धांश असल्यामुळे बाहेर खवट होतं. मागच्या वर्षी ३ किलो फळांतून मला साधारण ८५० ग्रॅम पीठ मिळालं.

थालीपीठ. एक वाटी ओला गोळा, एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, बारीक चिरलेला कांदा, धने-जिरेपूड, तीळ, ओवा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मीठ. पाणी जवळजवळ लागतच नाही. ओल्या फडक्यावर थापायचं, मधे भोकं पाडून तेल सोडायचं. चव भाजलेल्या शिंगाड्याच्या आणि नाचणीच्या मधली कुठलीतरी. रंग गडद, खरपूस. लोण्याच्या गोळ्याबरोबर आमच्याकडे दोन माणसांत सहा संपली.

प्रश्न विचारा, मला माहीत आहे ते सांगेन.

अबोली_१२ | २ नोव्हेंबर

किती सुंदर लिहिलंयस! अडकित्त्याचं वाचून तर उठून कपाटातला काढून बघितला. आमच्या इमारतीसमोर ओळीने ओक आहेत, त्यांची फळं चालतील का? आणि लहान मुलांना द्यावं का? माझा पाच वर्षांचा आहे.

ओलीमाती | २ नोव्हेंबर

अबोली, आधी खाली फवारणी होते का ते विचार. माझ्या एका मैत्रिणीने तिच्या वसाहतीतली दोन टोपल्या फळं वेचली आणि मग कळलं की त्याच आठवड्यात गवतावर तणनाशक मारलं होतं. सगळं टाकून द्यावं लागलं. वर्दळीच्या रस्त्याकडेची पण नकोत. आणि पार्कातून उचलणार असशील तर तिथले नियम आधी वाच, बऱ्याच ठिकाणी एक फळही उचलायची परवानगी नसते.

मुलाबद्दल: अक्रोड-बदामाची ॲलर्जी असेल तर अजिबात नको, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. ॲलर्जी नसेल तर पूर्ण तुरटपणा गेलेल्या पिठाचा एक छोटा तुकडा देऊन दोन दिवस थांब. मी माझ्या मुलीला तसंच दिलं होतं.

न्यूजर्सीकर | ३ नोव्हेंबर

धागा दोन दिवस आधी आला असता तर बरं झालं असतं. माझा अनुभव लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमच्या घरामागे लाल ओक आहेत. न्यू जर्सीचा तो राज्यवृक्षच आहे. शनिवारी परडीभर फळं आणली, फोडली आणि लोखंडी कढईत उकळत ठेवली. वाटलं, कडवे वाल उकडतो तसं पाणी टाकलं की झालं. पाणी शाईसारखं काळं-निळं झालं. घाबरून ओतलं, गार पाण्यात टाकलं, पुन्हा उकळलं. असं तीनदा केलं. वरून मऊ झाली होती म्हणून मीठ-तिखट लावून सात-आठ खाल्ली. आधी गोडसर लागली. मग मिनिटभरात जिभेवर कोणी लोकर पांघरल्यासारखं झालं. रात्रभर पोटात मुरडा. बायकोने उरलेली टाकून दिली आणि माझ्याशी सकाळपर्यंत बोलली नाही.

दोन प्रश्न. पाणी काळं का झालं? आणि लाल ओकचं काही होऊ शकतं का, की नादच सोडावा?

पाटावरवंटा | ३ नोव्हेंबर

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, त्यामुळे राहवत नाही.

टॅनिन प्रथिनांना चिकटतं. आपल्या लाळेत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत, ओलं राहतं. टॅनिनने ती धरून ठेवली की तोंड कोरडं, खरखरीत होतं. त्यामुळे तुरट ही चव कमी आणि स्पर्श जास्त. चामडं कमावतात ते याच गुणावर, बाभळीची साल आणि हिरडा वापरून. ओलीमातीने अर्धा मिनिट घोळवायला सांगितलंय ते म्हणूनच अगदी बरोबर आहे, लाळेला तेवढा वेळ लागतो.

गार की गरम, याचं उत्तर पिष्टात, म्हणजे स्टार्चमध्ये आहे. साधारण ६५ ते ७० अंशांपुढे पिष्ट शिजायला लागतं. उकळलंत तर टॅनिन काही तासांत निघतं, पण पिष्ट शिजून जातं, त्यातलं काही पाण्याबरोबर वाहून जातं आणि उरलेल्या पिठाला चिकाटी राहत नाही. त्याचं थालीपीठ थापताना चिरा पडतील. गार पाण्याने आठवडा लागतो, पण पीठ कणकेसारखं बांधलं जातं. त्यामुळे थालीपीठ, धिरडं, उकड यांना गार पद्धत. लाडू, उसळ, किंवा चिवड्यात टाकायचे तुकडे यांना उकळलेलं चालेल.

साकव | ३ नोव्हेंबर

न्यूजर्सीकर, तुमची शाई खरोखरच शाई होती! लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग बनतो. लोखंडी कढईत आवळा किंवा हिरडा उकळून बघा, तसाच काळा पडतो. केसांना लावायचा आवळा आपण मुद्दाम लोखंडी भांड्यात भिजवतो. पूर्वी मायफळ आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून पोथ्यांची काळी शाई करायचे, तीही याच मेळातून. म्हणून टॅनिन काढताना भांडं स्टीलचं किंवा काचेचं. काम पुरं झाल्यावर लोखंडी तवा बिनधास्त वापरा.

आणि मायफळावरून सांगते. इथे लिहिणाऱ्या बहुतेकांनी ओक चाखलेला आहे, तोही दात येण्याआधी. बाळगुटीतलं मायफळ हे फळ नाहीच. तुर्कस्तान-इराणकडच्या एका जातीच्या ओकच्या कोवळ्या फांदीवर चिमुकली गांधीलमाशी अंडं घालते, आणि झाड त्याभोवती गाठ वाढवतं. ती वाळलेली गाठ म्हणजे मायफळ. निम्म्याच्या आसपास टॅनिन. माझी आई सहाणेवर मायफळ उगाळायची तेव्हा त्या गाठीवर एक बारीक भोक असायचं. किडकं म्हणून मी ते बाजूला काढायचे आणि ती परत आत टाकायची. ते भोक माशी बाहेर पडल्याचं होतं हे मला चाळिशीत कळलं. पोट बांधायला म्हणून ते गुटीत. एक-दोन वेढेच का, जास्त का नाही, हेही आता कळतं.

ओलीमाती | ३ नोव्हेंबर

साकव, माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे लेकीची बाळगुटीची डबी अजून आहे, आत्ता जाऊन मायफळ बघितलं. भोक आहे!

न्यूजर्सीकर, लाल ओक सोडू नका. फक्त त्याला वेळ जास्त. ओळखायचं असं: पानांच्या पाळ्या गोल असतील तर पांढऱ्या गटातला ओक, पाळ्यांना टोक आणि टोकावर बारीक केस असेल तर लाल गटातला. टरफलाच्या आतून बोट फिरवा. पांढऱ्यात गुळगुळीत, लालमध्ये मऊ लव असते. लाल गटातली बहुतेक फळं पिकायला दोन वर्षं घेतात, त्यांत टॅनिन आणि तेल दोन्ही जास्त. पण ती पडल्यावर वसंतापर्यंत रुजत नाहीत, त्यामुळे टिकतात चांगली. पांढऱ्यांना पडल्या पडल्या मोड यायला लागतात, ती लवकर वाळवावी लागतात.

उकळायचंच असेल तर दोन पातेली शेजारी ठेवा, दोन्हीत पाणी उकळतं. एकातलं काळं झालं की गाळून लगेच दुसऱ्यात. उकळत्यातून गार पाण्यात टाकलं की उरलेला तुरटपणा आतच धरून राहतो, असं इथले जुने जाणते सांगतात, आणि तुमचा अनुभव त्याला धरूनच आहे. मला व्हॅली ओकला सात पाणी लागतात. तुम्हाला दहा लागली तर दहा. मोजू नका, चाखा.

सोलवासी | ४ नोव्हेंबर

मी कामानिमित्त चार वर्षं सोलला आहे. इथे एकॉर्न म्हणजे काही नवलाची वस्तू नाही, बाजारात रोज मिळते. त्याला दोतोरी म्हणतात आणि त्याच्या पिष्टाची जी वडी करतात ती दोतोरीमुक. तपकिरी, थुलथुलीत, आपल्या सातूच्या पिठाच्या रंगाची. डोंगर चढून उतरलात की पायथ्याच्या खानावळीत पहिली तीच समोर येते, वर सोया सॉस, तिळाचं तेल, कांद्याची पात, लाल तिखट.

माझ्या घरमालकीण आजी शेजारी राहतात, त्यांनी शिकवली. एक वाटी एकॉर्नचं पिष्ट, सहा वाट्या पाणी, मीठ. आधी गारच कालवायचं. मग मध्यम आचेवर एकाच दिशेने घोटत राहायचं. पाच मिनिटं काहीच होत नाही आणि मग एकदम दाटतं, गव्हाचा चीक शिजवताना होतं तसं. फट्‌ फट्‌ बुडबुडे फुटायला लागले की आच कमी, झाकण, अजून दहा मिनिटं, मधे मधे ढवळत. शेवटी चमचाभर तिळाचं तेल. डब्यात ओतून तीन-चार तास थंड. ओलीमातीने लिहिलेल्या लगद्यातून पिष्टच हवं असेल तर तो आधी फडक्यातून गाळायचा, चोथा बाजूला, खाली बसतो तो चीक घ्यायचा. अमेरिकेत कोरियन दुकानांत तयार पिष्ट मिळतं, एच मार्टमध्ये मी पाहिलंय. सुरुवात त्याने केलीत तर चव कशी असायला हवी ते कळेल.

फ्रिजमध्ये ठेवल्यावर मुक पांढरट आणि ठिसूळ होते. फेकू नका. तुकडे करून उकळत्या पाण्यात मिनिटभर सोडले की पुन्हा लवचीक होतात.

मी परवा त्यावर मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि लाल मिरचीची फोडणी ओतली, वरून ओलं खोबरं. आजींनी दोनदा घेतली. फक्त एकच सांगितलं त्यांनी: डोंगरातली फळं उचलायची नाहीत, ती खारींची. इथे राष्ट्रीय उद्यानांत त्यावर बंदीच आहे.

चुलीवरचं | ५ नोव्हेंबर

मी जव्हारची. आमच्याकडे ओक नाही, पण हे सगळं वाचताना मला आमचा कडूकंद दिसत होता.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलं की रानातून कडूकंद आणायचा. तो तुरट नाही, जहाल कडू, आणि नुसता खाल्ला तर विषारी. आजी त्याच्या पातळ चकत्या करायची, राख घालून उकळायची, मग बांबूच्या टोपलीत भरून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून रात्रभर ठेवायची. सकाळी एक चकती तोंडात घालून ती नुसती बसून राहायची. आम्ही पोरं तिच्या तोंडाकडे बघत. तिने मान हलवली तर टोपली घरी, नाहीतर परत पाण्यात. तिने मान हलवल्याशिवाय आमच्यातल्या कोणीही तुकडा उचलला नाही.

शहरातल्यांना विनंती, हे वाचून कोणी कडूकंद करायला जाऊ नका. ज्यांच्या घरात तो होतो त्यांच्या हाताखाली शिकल्याशिवाय नाही. एकॉर्न चुकला तर पोट दुखेल, कडूकंद चुकला तर जिवावर बेतेल.

शाळेत आम्हाला कंदमुळं खाणारे म्हणून चिडवायचे. म्हणून मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

ओलीमाती | ५ नोव्हेंबर

चुलीवरचं, तुमची आजी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीये. लिहिलंत म्हणून मनापासून आभार.

तुमच्या शेवटच्या ओळीवर लिहायचं आहे. कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोनं सापडलं आणि लोकांची रीघ लागली. ओक तोडले, डुकरं मोकळी सोडली, त्यांनी झाडाखालची फळं फस्त केली. ज्यांचं ते धान्य होतं त्यांना जमिनीवरून हुसकावलं, मारलं. आणि वर त्यांना ‘डिगर’ म्हणून हिणवलं, म्हणजे जमीन उकरून खाणारे. ज्या बायका हंगामात वर्षभराचं एकॉर्न वाळवून उंच कोठारांत साठवायच्या, कांडून, चाळून, वाळूच्या आळ्यात पसरून वरून पाणी ओतत ओतत त्याचा तुरटपणा काढायच्या, पाणी न गळणाऱ्या विणलेल्या टोपलीत तापलेले दगड सोडून त्याची पेज शिजवायच्या, त्यांना. टोपलीत पेज उकळते, टोपली जळत नाही! असं शिजवून दाखवताना मी एकदा प्रत्यक्ष पाहिलंय. लाकडी चिमट्याने दगड सतत फिरवत ठेवतात, एका जागी थांबू देत नाहीत.

ही कला मेलेली नाही. मिवोक, पोमो, कारुक, हूपा घरांमध्ये आजही ही पेज होते, समारंभात पहिली तीच वाढतात. मी माझ्या थालीपिठाला ‘शोध’ म्हणत नाही ते यासाठी. त्या कातळावर बसणाऱ्या बायकांना हे आपल्या जन्माच्या कितीतरी आधी ठाऊक होतं, आणि तुमच्या आजीलाही.

देवदार | ६ नोव्हेंबर

उत्तराखंडातून लिहितोय, अल्मोड्याजवळ. आपल्या सह्याद्रीत ओक नाही, पण इथे दीड-दोन हजार मीटरवर बांजची राई आहे, तोही ओकच. पानं खालून पांढरट, लवदार. इथे त्याची फळं माणसं फारशी खाताना मी पाहिली नाहीत. लंगूर आणि अस्वलं खातात. बायका पाला गुरांना आणतात, सरपण आणतात. पण बांजची खरी किंमत पाण्यात आहे. बांजच्या राईखाली झरे टिकतात आणि चीडच्या (पाइनच्या) रानात आटतात, हे इथली कुठलीही आजी सांगेल. त्यामुळे इथे फळं वेचायची तर खायला नव्हे, रोपं करायला. मी गेल्या पावसाळ्यात दोनशे पिशव्यांत लावली. बुडणारं फळ चांगलं ही बादलीची परीक्षा आमच्या रोपवाटिकेतही तशीच करतात.

अबोली_१२ | ६ नोव्हेंबर

देवदार, फोटो टाका ना रोपांचे.

ओलीमाती, अजून एक. सगळी फळं आपण वेचली तर पक्ष्यांचं काय?

ओलीमाती | ७ नोव्हेंबर

सगळी वेचायची नाहीतच. ओकला दर काही वर्षांनी एकदा बहर फुटतो, मधली वर्षं कोरडी जातात. बहराच्या वर्षी खाली पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा दोन बादल्या घेतल्या तर कोणाचं काही जात नाही. कोरड्या वर्षी मी एकही उचलत नाही. आमच्याकडे एक सुतारपक्षी आहे, लाल टोपीचा, तो शेजारच्या वाळक्या खोडाला हजारो भोकं पाडून प्रत्येकात एकेक एकॉर्न ठोकून बसवतो. फळ सुकून सैल झालं की काढून लहान भोकात हलवतो. सबंध कुटुंब मिळून त्या कोठाराची राखण करतं. त्यांच्या खोडाखालचं तर मी कधीच घेत नाही.

न्यूजर्सीकर | १६ नोव्हेंबर

कळवायला आलो. लाल ओक, गार पाणी, काचेची बरणी. यावेळी बायकोने हातात घेतलं, कारण कुरडया तिच्या माहेरी होतात आणि माझ्या नाही. अकरा दिवस लागले. सातव्या दिवशी मला झालं असं वाटत होतं, तिने चाखून नाही म्हटलं. नवव्या दिवशी परत नाही. अकराव्या दिवशी सकाळी तिने चिमूट तोंडात घातली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मी चुलीवरचं यांच्या आजीची आठवण ठेवून गप्प बसलो. मग तिने मान हलवली.

थालीपीठ केलं, ज्वारी आणि बेसन घालून, तुमच्याच मापाने. चिरा पडल्या नाहीत. पोटही ठीक, दोन दिवस वाट बघून मगच लिहितोय. लाल ओकच्या तेलामुळे असेल, पण तव्यावर जवळजवळ तेल सोडावंच लागलं नाही. एक शंका राहिली: पंच्याला तपकिरी डाग पडलेत, धुवून जात नाहीत. आणि एक वाटी ओला गोळा उरलाय, त्याचं काय करू?

ओलीमाती | १६ नोव्हेंबर

वहिनींना माझा नमस्कार सांगा, आणि अकरा दिवस थांबल्याबद्दल शाबासकी!

डाग जाणार नाहीत, टॅनिन कापडात पक्कं बसतं. तो पंचा आता एकॉर्नचाच, वेगळा घडी करून ठेवा. उरलेल्या गोळ्यात दोन चमचे तांदळाचं पीठ, ताक, आलं-मिरची आणि चिरलेली मेथी घालून धिरडी घाला. पहिलं तव्याला चिकटलं तर घाबरू नका, पीठ अजून थोडं पातळ करा.